रानीसाचा घागरा

जयपूरच्या त्या गाडीबद्दल कुणी माझ्यासमोर प्रेमाने बोलायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. हल्ली हे वारंवार होतं. माझ्या वयाच्या रेल्वेवाल्यांच्या मुलामुलींनी मोबाइलवर एक ग्रुप काढला आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी त्यावर कुणीतरी तिचा जुना फोटो टाकतं. मग 'हाय, क्या दिन थे' सुरू होतं. कुणाला तिच्या गाद्या आठवतात, कुणाला तिच्यातलं कटलेट. एकाने तर तिचा इतिहासच लिहून टाकला आहे: सुरू कशी झाली, झेंडी कुणी दाखवली, किती तासांत कुठे पोचायची. मी तो वाचला. सगळा खराच असेल. पण फलाटावर उभं राहून गाडीचा इतिहास लिहिला की तो असाच होतो. माझे बाबा तिच्या पोटाखाली वाकून काम करायचे, त्यामुळे मला ती खालून माहीत आहे, आणि खालून ती मला कधीच आवडली नाही.

बाबा टीएक्सआर होते. म्हणजे आलेल्या गाडीची चाकं, ब्रेक, सांधे तपासून 'हं, जाऊ द्या' म्हणणारा माणूस. आम्ही मूळ अकोल्याचे, सोनोने. छोट्या लाइनीवरचा, म्हणजे मीटरगेजचा, माणूस छोट्या लाइनीवरच फिरतो, तसे आम्ही अकोला, खांडवा, महू, रतलाम असं करत जयपूरला येऊन पडलो होतो. लोकांच्या बदल्या साहेबांच्या मर्जीने होतात, बाबांच्या त्यांच्या स्वतःच्या अर्जांमुळे व्हायच्या. कुठे तेल कमी दिलं जातं, कुठे जुने ब्रेक नवे म्हणून लावले जातात, हे बाबांना दिसायचं आणि दिसलं की ते लिहायचे. लिहिलं की सहा महिन्यांत आमच्या ट्रंका बांधायची वेळ यायची. आई म्हणायची, हात दाखवून अवलक्षण. रतलामहून निघताना तिने तुळशीची कुंडी प्लॅटफॉर्मवर आपटून फोडली आणि त्या दिवसापासून ती बाबांशी बोलेनाशी झाली. बाबाही काही कमी नव्हते, तेही गप्प झाले. दोन वर्षं आमच्या घरात नवराबायकोचं सगळं बोलणं माझ्या तोंडातून जायचं.

"मंदे, तुह्या बापाले सांग, च्या झाला."

"मंदे, तुह्या मायले सांग, ठेवून दे तिथंच."

दोघं एकाच खोलीत, चार हातांवर. मी सांगायचेसुद्धा, अगदी शब्दशः, कारण नाही सांगितलं तर दोघंही माझ्यावर ओरडायचे. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटली. नंतर वीट आला, आणि मग मी दोघांचाही मनापासून राग करू लागले. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं, मागे कडुनिंब आणि त्यापलीकडे यार्ड. दिवसभर लांब दांड्याचे हातोडे चाकांवर पडत असायचे, टण् टण् टण्, आणि मधूनच एखादा आवाज बद्द यायचा, तडा गेलेल्या चाकाचा. तो आला की बाबा जेवता जेवता थांबायचे. आई मुद्दाम त्याच वेळी पोळपाट आपटायची. ज्वारी मिळायची नाही म्हणून ती बाजरीच्या भाकरी थापायची आणि प्रत्येक भाकरीबरोबर जयपूरला एक शिवी द्यायची. वरणफळं केली तरी तिचं तोंड कडूच. माझी शाळा शास्त्री नगरला होती. हिंदी शाळा, बाराखडी तीच, पण भाषा दुसरी. मी ती नेटाने शिकले आणि जयपूरला आल्यावर पहिल्यांदाच माझा वर्गात नंबर आला. मला एक मैत्रीणही मिळाली होती. सायकलवर डबलसीट बसून आम्ही कचोरी खायला जायचो. बोर्डाची परीक्षा मला याच शाळेतून द्यायची होती. आता इथून हलायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

आता त्या गाडीबद्दल. कॉलनीत तिला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे 'रानीसा' म्हणायचे. दिल्लीकडून गुजरातेत जाणाऱ्या-येणाऱ्या साध्या धुरकट गाड्यांमध्ये ही एक गोरीगोमटी. सायीच्या रंगाचे आठ डबे, पोटावर तांबडा पट्टा, पुढे डिझेलचं इंजिन, आणि ती थोड्याच ठिकाणी थांबायची. परदेशी पाहुणे हिच्यातून यायचे. कुणा मोठ्या साहेबाला वाटलं की बाहेरच्या देशांतल्या गाड्या कशा वरपासून खालपर्यंत गुळगुळीत असतात, वाऱ्याला कापत जातात, तशी आपलीही दिसली पाहिजे. मग कारखान्यात तिच्या प्रत्येक डब्याच्या दोन्ही अंगांना खाली पत्रे लावले. चाकं, ब्रेक, नळ्या, जे काही ओबडधोबड होतं ते सगळं झाकलं गेलं. छोट्या लाइनीवर धावणाऱ्या गाडीला वाऱ्याचं असं काय मोठं संकट, देव जाणे. पण दिसायची मात्र देखणी, हे मी रागातसुद्धा कबूल करते. खलाशांनी, म्हणजे बाबांच्या हाताखालच्या कामगारांनी, त्या पत्र्यांना नाव दिलं 'घागरा'.

झाकण्याची हौस साहेबाची, आणि निस्तरायचं बाबांच्या माणसांना. चाकाच्या धुऱ्याचं टोक एका लोखंडी डबीत फिरतं. तिला अ‍ॅक्सल बॉक्स म्हणतात. आत तेल-ग्रीस संपलं किंवा काही मोडलं की ती डबी तापत जाते आणि शेवटी धुरा तुटतो. म्हणून गाडी आली की टीएक्सआर आणि खलाशी दोन्ही बाजूंनी चालत जातात आणि प्रत्येक डबीला हात लावून बघतात. हात उलटा लावायचा. तळवा घट्टे पडून बधिर झालेला असतो, त्याला काही कळत नाही. बाबांना ती सवय इतकी होती की माझा तापही ते उलट्या हाताने बघायचे आणि दूधही. घागऱ्यात प्रत्येक डबीसमोर एक छोटं झाकण ठेवलं होतं, वर खटका. ते खोलायचं, आत हात घालायचा, बंद करायचं. एका बाजूला बत्तीस झाकणं. रानीसा जयपूरला थांबायची दहा मिनिटं.

दहा मिनिटांत होत नाही म्हटल्यावर माणूस आपली वाट काढतो. खलाशांनी काढली. भंवरलालजी म्हणून त्यांच्यातले सगळ्यात जुने होते, मला 'बाईसा' म्हणायचे आणि घरून केर-सांगरीच्या भाजीचा डबा आणायचे. आईला जयपूरमध्ये आवडलेली ती एकमेव गोष्ट. त्यांनीच ही युक्ती काढली असं सांगत. झाकण खोलायचंच नाही, वरच्या पत्र्यालाच उलटा हात लावायचा. आत डबी तापली असेल तर पत्रा तापेलच. गाडी साडेतीनला यायची. फलाटाच्या बाजूला छप्पर, म्हणून सावली, तिथे हे जमायचं. पलीकडची बाजू उन्हात. मे महिन्यात तिथला पत्रा एरवीच असा तापायचा की त्यावर पापड भाजावा. तिथे हात लावून काय कळणार? म्हणून हळूहळू असं ठरत गेलं की सावलीची बाजू बघायची आणि उन्हाची बाजू देवावर सोडायची. बाबा स्वतः ड्यूटीवर असले की उन्हाच्या बाजूची जमतील तितकी झाकणं खोलायचे, मग गाडी चार-पाच मिनिटं लेट व्हायची, आणि लेटचा दोष त्यांच्या नावावर लागायचा. स्टेशनातली अर्धी माणसं त्यांच्याशी बोलत नव्हती. घरातलं मी सांगितलंच आहे.

एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. बाबांची हिंदी बोलण्यापुरती होती. लिहायला बसले की वऱ्हाडी उतरायची, म्हणून जयपूरला आल्यापासून त्यांचे कागद मीच लिहायचे. त्यांची पद्धत अशी की कोऱ्या कागदाच्या तळाशी आधी सही करून ठेवायची, कारण पहाटेच्या ड्यूटीला त्यांना वेळ नसे. वर मी सावकाश सुवाच्य लिहायचं आणि शाळेत जाताना ऑफिसच्या पेटीत टाकायचं.

"लिहून घे," ते म्हणाले. "दहा मिन्टात बत्तीस झाकनं कोनाच्या बापाले खोलता येत नाहीत. मानसं झाकनं खोलतच नाहीत, वरून पत्र्याले हात लावतात. उन्हाची बाजू कोनी पाहत नाही. यात मानसाईचा दोष नाही, पत्र्याचा हाय. हा घागरा काढा, नाहीतर एक दिवस लोकं मरतील अन् ते तुमच्या डोक्यावर येईल. लिहिलं का?"

"हो," मी म्हणाले.

मी वहीत टिपून घेतलं होतं. आई आतून म्हणाली, "मंदे, तुह्या बापाले विचार, आता कुठं जाचं? वाळवंटात?" बाबा कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करत राहिले, त्यामुळे मला काही पोचवावं लागलं नाही.

सकाळी मी तो कोरा कागद पुढे घेतला. खाली त्यांची सही, तिरकी, पेन दाबून केलेली. जे लिहायचं होतं ते मला पाठ होतं. मी ते लिहिलं नाही. काय लिहिलं तेही अजून पाठ आहे. 'सविनय निवेदन है कि कर्मचारी प्रतिदिन सभी ढक्कन खोलकर पूरी निष्ठा से जाँच करते हैं। तथापि समय की कमी को देखते हुए श्रीमान उचित समझें तो इस विषय पर विचार करने की कृपा करें।' वाचून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. असा गोड अर्ज लिहिला की कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत, बदली होणार नाही, आणि बाबांना वाटेल की आपण लढलो. मी लहान होते असं आता लोक मला समजावतात. लहान नव्हते. मला नेमकं ठाऊक होतं की मी काय गाळते आहे. मला त्यांचा राग होता, त्यांच्या खरेपणाचा राग होता, कारण त्याची किंमत दरवेळी माझ्या शाळेने मोजली होती. कागद पेटीत टाकला आणि मैत्रिणीच्या सायकलवर बसून निघून गेले.

बाबा उत्तराची वाट बघत राहिले. मी बघत नव्हते.

उन्हाळा सरत आला होता. त्या दिवशी बाबांची साप्ताहिक सुट्टी होती आणि ते अंगणात खाटेची नवार कसत होते. रानीसा आली, रानीसा गेली. तासाभराने यार्डात सायरन वाजला, एक मोठा आणि मग तुटक तुटक, आणि कॉलनीतल्या बायका दारात आल्या. जयपूरच्या पुढच्या तिसऱ्या स्टेशनाआधी तिच्या पाचव्या डब्याचा धुरा तुटला होता. उन्हाच्या बाजूचा, जिकडे त्या दिवशी भंवरलालजींची ड्यूटी होती. डबा रुळांवरून उतरून खडीतून फरफटत गेला. कुणी मेलं नाही, कारण स्टेशन जवळ म्हणून गाडी हळू झाली होती. पण हातपाय मोडलेली माणसं आमच्याच फलाटावर उतरवली. त्यात एक मारवाडी म्हातारी होती. तिच्या पायाकडे बघवत नव्हतं आणि ती सारखी आपला पितळी डबा मागत होती. बाबा तिच्या स्ट्रेचरचा दांडा धरून चालत गेले. घरी आल्यावर त्यांनी हात धुतले आणि आईकडे बघत, मला मध्ये न घेता, म्हणाले, "म्या लिहिलं होतं." दोन वर्षांत त्यांनी तिच्याशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. आई म्हणाली, "मले माहीत हाय." त्यांचा अबोला असा सुटला, आणि मी मोरीत जाऊन दार लावून घेतलं.

चौकशी झाली. बाबा दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा जाताना त्यांची चाल ताठ होती. त्यांच्याकडे एक कागद होता ना, साहेबांच्या फाइलमध्ये, सगळं आधीच सांगणारा. परत आले ते खाटेवर बसले आणि बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या नाहीत. आईने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही. मी दारामागे उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला म्हणाले, "पानी आन." एवढंच.

आठवड्याने भंवरलालजी आले. डबा नव्हता, पागोटं नव्हतं. संध्याकाळचं ऊन अंगणात होतं. नेहमी ते उंबऱ्याशी बसायचे. त्या दिवशी सरळ आत येऊन बाबांच्या समोर उभे राहिले.

"नौकरी गई, सोनोनेजी," ते म्हणाले. "तीस साल की. साहब ने सबके सामने आपकी चिट्ठी पढ़ी, रोज सब ढक्कन खुलते हैं. तो फिर भंवर ने ही नहीं खोला. अकेला भंवर नालायक. आपसे पूछा, यह आपकी है? और आप बोले, सही मेरी है." त्यांचा आवाज चढला. "हाँ, मैंने नहीं खोला! कौन खोलता है? आप नहीं जानते? झूठ लिखते हाथ नहीं काँपा?"

आई कणीक मळत होती, तिचे हात थांबले. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. मला त्या क्षणी एकच वाटत होतं की बाबांनी माझं नाव घ्यावं. घेतलं असतं तर बरं झालं असतं, मी रडले असते, मार खाल्ला असता आणि मोकळी झाले असते.

भंवरलालजींनी खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर टाकला. "बाईसा, लिखो. अर्ज लिखो मेरा. मन्नै लिखणो कोनी आवै. तुम्हारे बाप के सामने लिखो, कि यह भी सुन ले." त्यांना लिहिता येत नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "ती चिट्ठी..."

"मंदे." बाबांनी मला थांबवलं. आवाज मोठा नव्हता. "ते जसं सांगून रायले, तसंच लिही. एक शब्द इकडचा तिकडे नको करू."

तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. अक्षर माझंच होतं, न कळायला काय झालं? चौकशीच्या टेबलावर त्या दोन ओळी ऐकल्या तेव्हाच त्यांना कळलं असणार. आणि त्या सगळ्या साहेबांसमोर त्यांनी ठरवलं, 'सही माझी म्हणजे शब्दही माझे.' आयुष्यभर खरं लिहिल्याबद्दल शिक्षा खाल्लेला माणूस खोट्याचा धनी झाला, तो माझ्यामुळे.

मी लिहिलं. भंवरलालजी रागाने बोलत होते आणि मी ते बोलतील तसं कागदावर उतरवत होते: कोणी झाकणं खोलत नाही, दहा मिनिटांत होत नाही, पत्र्याला हात लावतात, उन्हाची बाजू कोणी बघत नाही. बाबांनी जे सांगितलं होतं तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. शेवटी त्यांनी अंगठा उठवला. बाबा उठले, माझ्या हातातून पेन घेतलं आणि अंगठ्याखाली स्वतः लिहिलं, 'ये बात सच है. मेरी पैलेवाली चिठी झुट थी.' आणि खाली तिरकी सही. भंवरलालजींनी कागद घेतला, बाबांना रामराम न करता ते निघून गेले. आईने पुन्हा कणीक मळायला घेतली.

त्या एका ओळीने भंवरलालजी परत कामावर आले. घागराही निघाला. पावसाळ्यात गाडी कारखान्यात गेली आणि परत आली ती सगळ्या गाड्यांसारखी, पोटाखाली उघडी. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ग्रुपवरच्या इतिहासात त्याला 'पुढे काही सुधारणा करण्यात आल्या' असं म्हटलं आहे. मग मोठी लाइन आली आणि रानीसाही भंगारात गेली. तिला कुणी कापलं, कुठे कापलं, मी चौकशी केली नाही. बाबांना मात्र खोटा अहवाल दिल्याबद्दल एक पायरी खाली उतरवलं आणि आईने रागाने म्हटलं होतं तिथेच, वाळवंटातल्या एका स्टेशनावर टाकलं. भंवरलालजी त्यांना आधी खोटारडा समजत होते, त्या ओळीनंतर शेवटपर्यंत शरमलेला खोटारडा. आम्ही जयपूर सोडलं तेव्हा ते स्टेशनवर होते, पण आमच्या डब्याकडे आले नाहीत. मी उतरून त्यांना सांगू शकले असते, गाडी तेव्हा पुरी वीस मिनिटं उभी होती. मी खिडकीत बसून राहिले.

त्या वाळवंटातल्या घरात आईबाबा एकमेकांशी बोलायचे. चांगलं बोलायचे. माझ्याशीही बोलायचे, जेवलीस का, अभ्यास झाला का. त्या चिठ्ठीबद्दल बाबांनी मला कधीही काही विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. पाण्याच्या टाकीबद्दल की कशाबद्दल, एका दुपारी ते अर्ज लिहायला बसले. एक-एक अक्षर कोरत होते. मध्येच एका हिंदी शब्दाशी अडले. पेन थांबलं, ओठ हलले. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. मला तो शब्द येत होता. बाबांनी मान वर केली नाही. ते उठले, चपला घातल्या, आणि भर उन्हात रूळ ओलांडून तो शब्द विचारायला समोरच्या पॉइंट्समनच्या घरी गेले.